शिकागोत राहता? मग टीम कुठली?

मिशिगनकाठ

दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी शिकागोच्या खेळांना 'जॉर्डन होता तेव्हा होतं काहीतरी' असं एका ओळीत निकालात काढलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

इथल्या टीम्स समजून घ्यायच्या तर रेड लाइनमध्ये बसावं. ही लोकल उत्तरेला हॉवर्डहून निघते आणि दक्षिणेला पंचाण्णवाव्या रस्त्याला संपते. लोयोला स्टेशनला लोयोला युनिव्हर्सिटी, म्हणजे रॅम्बलर्स. ॲडिसनला उतरलं की रिग्ली फील्ड, बेसबॉलवाले कब्स. फुलर्टनला डीपॉल युनिव्हर्सिटी, ब्लू डीमन्स. रूझवेल्टला उतरून मिशिगन तळ्याच्या दिशेने चालत सुटलं की सोल्जर फील्ड, तिथे अमेरिकन फुटबॉलचे बेअर्स आणि सॉकरवाली शिकागो फायर. सरमॅक-चायनाटाउनपासून जवळ विनट्रस्ट अरीना, तिथे बास्केटबॉल: मुलींची स्काय आणि डीपॉलची टीम. त्याच्या पुढचं स्टेशन सॉक्स–थर्टीफिफ्थ, तिथे कोण हे सांगायला नको (व्हाइट सॉक्स, शहराची दुसरी बेसबॉल टीम). हॉवर्डला उलट्या बाजूची पर्पल लाइन धरली की इव्हान्स्टन, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटी, आणि त्यांचा रंगही जांभळाच. बास्केटबॉलचे बुल्स आणि आइस हॉकीचे ब्लॅकहॉक्स तेवढे या लाइनवर नाहीत. ते पश्चिमेला मॅडिसन स्ट्रीटवर, युनायटेड सेंटरमध्ये. त्या दोघांवरून शहरात भांडणही नाही. भांडण आहे ते बेसबॉलवरून.

माझं म्हणणं असं की शिकागोत टीम आपण निवडत नाही, पहिलं भाड्याचं घर निवडतं. उत्तरेला राहिलात तर कब्स, दक्षिणेला राहिलात तर सॉक्स. पुढे घर बदललं तरी टीम बदलत नाही. उत्तरेला पैसा, दक्षिणेला कत्तलखाने, पोलादाचे कारखाने आणि तिथल्या कामगारांच्या आयरिश, पोलिश, कृष्णवर्णीय वस्त्या, अशी ही जुनी विभागणी. कत्तलखाने १९७१ मध्ये बंद झाले, पण मॅचच्या गर्दीत ती अजून दिसते.

पटत नसेल तर लिहा. टीम गळ्यात कशी पडली तेही लिहा.

ब्रिजपोर्ट_काका

शंभर टक्के पटलं. आमच्या वेळी एमएसला आयआयटीत आलेली मराठी मुलं बहुतेक सगळी सॉक्सची. (पवईची नव्हे, इथली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी.) त्यात आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. कॅम्पस पस्तिसाव्या रस्त्याला, मध्ये डॅन रायन एक्स्प्रेसवे, त्याच्यावरचा पूल ओलांडला की स्टेडियम. वरच्या स्टँडचं तिकीट आमच्या खिशाला परवडायचं. नसेल परवडत त्या आठवड्यात शुक्रवारी रात्री मॅचनंतरची आतषबाजी हॉस्टेलच्या खिडकीतून फुकट.

आणि तो स्कोअरबोर्ड! १९६० मध्ये मालक बिल व्हेक यांनी जुन्या कॉमिस्की पार्कात बसवलेला. सॉक्सच्या बॅट्समनने होमरन मारली की वरची रंगीत चक्रं गरागरा फिरणार, फटाके फुटणार, भोंगे वाजणार. नव्या स्टेडियममध्येही चक्रं तशीच ठेवली आहेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपल्याकडच्या जत्रेतला पाळणा पेटलाय की काय असं वाटलं होतं.

२००५ च्या टीमबद्दल बाहेरच्यांना काही माहीत नसतं म्हणून सांगतो. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, १२ सामने खेळले, ११ जिंकले. एंजल्सविरुद्ध लागोपाठ चार मॅचेस सुरुवातीच्याच पिचरने (म्हणजे बोलरने) शेवटपर्यंत टाकल्या. बर्ली, गारलंड, गार्सिया, कॉन्ट्रेरास. बदली बोलर मागे नुसते सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेले. मग वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमध्ये, ह्यूस्टनला ४-० ने उडवलं. १९१७ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ८८ वर्षांनी. पण 'शिकागोचा दुष्काळ' म्हटलं की लोकांना कब्सच आठवतात. असो.

ॲडिसनवाली

काका, अगदी प्रेमाने विचारते. २०२४ चं काय?

ब्रिजपोर्ट_काका

ॲडिसनवाली ताई, त्या वर्षावर घरात न बोलण्याचा ठराव झालेला आहे. ४१ विजय, १२१ पराभव. १९०० नंतर कुठल्याही टीमने एका मोसमात एवढे सामने हरलेले नाहीत. घ्या, लिहिलं. समाधान?

आता माझं ऐका. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे निवडले गेले, शिकागोचेच. पहिल्या तासाभरात बातमी आली की ते कब्सचे फॅन आहेत, आणि तुमच्या रिग्लीवाल्यांनी लगेच बोर्डावर झळकावूनही टाकलं. मग त्यांच्या सख्ख्या भावाने सांगितलं, छे हो, तो कायमचा सॉक्सचा. २००५ च्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या मॅचच्या चित्रणात ते स्टँडमध्ये बसलेले दिसतातही. आमच्याकडे त्या स्टँडजवळ आता त्यांचं चित्र लावलंय. १२१ पराभवांनंतर थेट वरूनच मदत आली.

ॲडिसनवाली

:हसून लोळणारी बाहुली:

बरं, आता रिग्लीबद्दल. १९१४ चं मैदान आहे, १९१६ पासून कब्स तिथे. बाहेरच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये आयव्हीची वेल लावली. तिचा एक खास नियम आहे. चेंडू वेलीत अडकला की फिल्डरने हात वर करायचे, मग बॅट्समनला दोन बेस मिळतात. पण फिल्डरने वेलीत हात घालून चेंडू शोधायला सुरुवात केली की झालं, खेळ चालू धरतात, पळणारा पळत राहतो. नवीन आलेले खेळाडू यात हमखास फसतात आणि आम्ही स्टँडमधून ओरडत असतो.

दिवे १९८८ पर्यंत नव्हते! १९४१ मध्ये लावायचे म्हणून सामान आणलं होतं. पर्ल हार्बर झालं आणि मालकांनी ते सगळं युद्धासाठी देऊन टाकलं. पुढे सत्तेचाळीस वर्षं मॅचेस दुपारीच. ८ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा दिवे लागले आणि त्या मॅचवर पाऊस पडला. पूर्ण झालेली पहिली रात्रीची मॅच दुसऱ्या दिवशीची. अजूनही रात्रीच्या मॅचेस किती घ्यायच्या यावर महापालिकेची मर्यादा आहे, कारण आजूबाजूला माणसं राहतात. वेव्हलँड आणि शेफील्डवरच्या इमारतींच्या गच्च्यांवर बाकं टाकून तिकिटं विकतात. आपल्याकडे गच्चीतून मॅच बघायची तर शेजाऱ्याशी संबंध चांगले लागतात, इथे क्रेडिट कार्ड लागतं.

कब्सच्या २०१६ च्या वर्ल्ड सीरिजबद्दल खूप लिहून आलंय. १०८ वर्षांचा दुष्काळ, क्लीव्हलंडमधली सातवी मॅच, नऊ इनिंगनंतर बरोबरी, सतरा मिनिटांचा पाऊस, दहाव्यात ८-७ ने जिंकलो. मला त्यातलं सर्वात लक्षात राहिलंय ते मॅचचं नाहीच. त्या आठवड्यात लोक रिग्लीच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने नावं लिहायला लागले होते. कब्स जिंकायची वाट बघता बघता गेलेल्या आईवडिलांची, आजोबांची. खालच्या विटा भरल्या तशी माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून वर लिहायला लागली. खडू संपला की शेजारचा अनोळखी माणूस आपल्यातला अर्धा मोडून द्यायचा. मी फोटो काढायला गेले होते. माझ्या सासऱ्यांचं नाव लिहून आले. ते साताऱ्याचे, आयुष्यात कधी बेसबॉल खेळले नव्हते, पण आमच्याकडे आले की दुपारची मॅच चुकवायचे नाहीत.

खडूस_वाचक

ज्यांना देशाबाहेर कोणी विचारत नाही त्या खेळाच्या स्पर्धेला 'वर्ल्ड सीरिज' म्हणायचं, यातच सगळं आलं. असो, चालू द्या.

मिशिगनकाठ

खडूस, हा आक्षेप दर धाग्यावर कोणीतरी घेतोच, आज तुमचा नंबर. जपान, डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, क्यूबा, कोरिया इथे बेसबॉलला विचारतात बरं. वर काकांनी दिलेल्या चार पिचरांतला कॉन्ट्रेरास क्यूबाचा, गार्सिया व्हेनेझुएलाचा, आणि त्या टीमचा मॅनेजर ओझी गीयेनही व्हेनेझुएलाचाच.

टोपीवाला_९६

माझं भाड्याचं घर डोंबिवलीत होतं, तरी मी बुल्सचा. तेव्हा सिद्धांत बाद!

नव्वदच्या दशकात केबल आलं आणि पहाटे उठून एनबीए बघायचं वेड लागलं. बुल्सची लाल टोपी रस्त्यावरच्या ठेल्यांवर टांगलेली असायची. ती घालणाऱ्या दहातल्या आठांना तो बैल कुठल्या गावचा ते माहीत नव्हतं. १९९१, ९२, ९३ आणि परत ९६, ९७, ९८, सहा वेळा विजेते. मधल्या काळात जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला, सॉक्सच्याच खालच्या टीमकडून, बर्मिंगहॅमला. १९९५-९६ मध्ये ८२ पैकी ७२ जिंकले. मला जॉर्डनपेक्षा पिपेन आवडायचा. सगळी कामं करणारा आणि पगार कमी असणारा माणूस मध्यमवर्गाला जवळचा वाटतो.

नंतर इथे आलो आणि युनायटेड सेंटर बघितलं. ९८ नंतर एकदाही फायनल नाही. २०१२ च्या २८ एप्रिलला डेरिक रोझचा गुडघा गेला त्या दिवशी मी घरी टीव्हीसमोर होतो. मॅच जवळपास जिंकलेली होती, शेवटचं दीड मिनिट उरलेलं. रोझ इथल्याच एंगलवूडचा पोरगा, बावीस वर्षांचा असताना लीगचा सर्वोत्तम खेळाडू झालेला. तो हवेतून खाली आला, गुडघा धरून पडला, आणि समालोचकांचा आवाजच उतरला. त्यानंतर ती टीम कधी सावरलीच नाही असं माझं मत.

गारठलेली

टोपीवाला, त्याच इमारतीत ब्लॅकहॉक्सही खेळतात आणि त्यांनी २०१०, २०१३, २०१५ असे तीन स्टॅन्ली कप (हॉकी लीगचं विजेतेपद) आणले. तुमच्यासारख्यांनी जरा मान वळवली असती तर दिसलं असतं. :)

ब्लॅकहॉक्सची एक गोष्ट मला अजून नवल वाटावी अशी आहे. जुने मालक बिल वर्ट्झ घरच्या मॅचेस स्थानिक टीव्हीवर दाखवायचेच नाहीत. टीव्हीवर फुकट दिसलं तर तिकीट काढून कोण येणार, असा त्यांचा हिशेब. परिणाम असा की एका अख्ख्या पिढीला आपल्या शहराची हॉकी टीम कशी दिसते तेच माहीत नाही, स्टेडियम अर्धं रिकामं. २००७ मध्ये ते वारले, मुलगा रॉकी याने मॅचेस टीव्हीवर आणल्या आणि तीन वर्षांत कप. अर्थात टीव्हीमुळे कप आला नाही, टेव्झ आणि केन नावाची दोन पोरं त्याच सुमाराला आली. पण स्टेडियम भरलं ते टीव्हीमुळेच. २०१३ मध्ये बोस्टनमध्ये हरत असताना सतरा सेकंदांत दोन गोल करून कप उचलला, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये दारं उघडून माणसं जिन्यात आली होती. मी त्यातल्या निम्म्यांना तोवर पाहिलंही नव्हतं.

पहिल्यांदा जाल तर एक सांगून ठेवते. राष्ट्रगीत सुरू झालं की लोक गप्प उभे राहत नाहीत. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वीस हजार माणसं ओरडतात, टाळ्या पिटतात. जुन्या शिकागो स्टेडियममध्ये १९८५ च्या प्लेऑफमध्ये हे सुरू झालं. आपल्याला लहानपणापासून सावधानमध्ये उभं राहायची सवय, त्यामुळे माझे हात आपोआप शिवणीला लागले होते आणि शेजारची आजी माझ्या कानात किंचाळत होती.

नेपरव्हिलकर

मिशिगनकाठ, तुमचा सिद्धांत शहरापुरता ठीक. पण आपली माणसं शहरात राहतात किती? नेपरव्हिल, अरोरा, शॉमबर्ग. आमच्याकडे रेड लाइन नाही, मेट्रा आहे आणि तीही तासाला एक. इथे टीम ठरते ती मुलांच्या शाळेत. माझा मोठा मुलगा कब्सचा, धाकटी सॉक्सची, कारण त्यांचे मित्र तसे. जेवणाच्या टेबलावर ऑक्टोबरात शांतता असते, कारण बहुतेक वर्षी दोघांचीही टीम बाहेर पडलेली असते.

आणि स्कायला एका ओळीत गुंडाळू नका. २०२१ ची विजेती टीम आहे ती. मोसमात १६ जिंकल्या, १६ हरल्या, सहाव्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये शिरल्या आणि फिनिक्सला हरवून कप घेतला. कँडेस पार्कर आमच्या नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलची. तेरा मोसम लॉस एंजेलिसला खेळून ती घरी परत आली आणि पहिल्याच वर्षी जिंकली. ॲली क्विग्ली शेजारच्या जोलिएटची, कॉलेज डीपॉल. शेवटच्या मॅचला चौथ्या क्वार्टरमध्ये टीम मागे होती. धाकटी पायात गोळे येईपर्यंत खुर्चीवर उभी होती आणि मागच्या बाईंनी तिला बस म्हणायच्या ऐवजी आपली खुर्चीही दिली.

मिशिगनकाठ

उपनगरांचा मुद्दा बरोबर आहे. पण धाकटी सॉक्सची कशी? तिच्या मित्रमैत्रिणींचे आईबाप मूळ साउथ साइडचे असणार, बघा विचारून.

नेपरव्हिलकर

विचारलं. तिच्या मैत्रिणीचे आजोबा ब्रिजपोर्टचे, म्हणजे साउथ साइडचेच निघाले. तुमचं पारडं जड, आता बढाया मारू नका.

हाइडपार्क

कॉलेजांवर कोणी येईना म्हणून मी लिहितो. आज शिकागोत कॉलेज फुटबॉल म्हटलं की लोक नॉर्थवेस्टर्नकडे, नाहीतर थेट इंडियानातल्या नोत्र दामकडे बघतात. पण एके काळी या खेळातलं सर्वात दबदब्याचं नाव युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो हे होतं. हो, तीच, नोबेलवाल्या अर्थशास्त्रज्ञांची.

१८९२ मध्ये एमोस अलॉन्झो स्टॅग प्रशिक्षक म्हणून आले आणि चाळीस वर्षं राहिले. बिग टेन ही आज कॉलेजांच्या खेळांची अब्जावधी डॉलरची कॉन्फरन्स (संघटना) आहे, तिच्या संस्थापकांत ही युनिव्हर्सिटी. १९०५ मध्ये मिशिगन ५६ सामने अपराजित होती, तिला यांनी २-० ने रोखलं. २-०! अख्ख्या मॅचमध्ये एक सेफ्टी, म्हणजे दोन गुण, बाकी काही नाही. १९३५ मध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा करंडक पहिल्यांदा दिला गेला, ज्याला आता हाइझमन म्हणतात. तो मिळाला इथल्या जे बर्वँगरला. पुढच्या वर्षी एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगने, पहिल्यांदा ड्राफ्ट (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) घेतला, त्यातही पहिलं नाव त्याचंच. हक्क बेअर्सकडे आले, पण त्यांचे मालक जॉर्ज हॅलस यांच्याशी पैशाचं जमलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल एकही मॅच खेळला नाही. करंडक त्याच्या मावशीकडे बरीच वर्षं दार अडवायला ठेवलेला असायचा असं सांगतात.

मग उतरण. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना कॉलेजात खेळाचा हा बाजार मान्यच नव्हता. प्रवेशाच्या अटी कडक, खेळाडूंसाठी सोप्या पदव्या नाहीत, त्यामुळे चांगली पोरं येईनात. १९३९ मध्ये त्याच मिशिगनकडून ८५-०, ओहायो स्टेटकडून ६१-०. त्या डिसेंबरात युनिव्हर्सिटीने फुटबॉल बंद करून टाकलं. स्टॅग फील्डचे स्टँड रिकामे पडले.

आणि त्या पश्चिमेच्या स्टँडखालच्या रॅकेट्सच्या कोर्टात २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी आणि मंडळींनी माणसाने घडवलेली पहिली नियंत्रित अणुसाखळी चालवली. फुटबॉल चालू असतं तर अणुभट्टीला दुसरी जागा शोधावी लागली असती. आता तिथे मोठी लायब्ररी आहे आणि बाजूला हेन्री मूरचं शिल्प. जवळून बघितलं तर कवटीसारखं दिसतं, थोडं मागे सरकलं तर ढगासारखं. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो आणि फुटबॉलपासून सुरुवात करतो. पाहुणे कंटाळतात.

१९६९ मध्ये फुटबॉल परत आलं, पण आता ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. शनिवारी दुपारी जाऊन बसलो की शेजारी खेळाडूंचे आईवडील आणि पुस्तक घेऊन बसलेला एखादा पीएचडीचा विद्यार्थी. 'मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे' हे मूळ याच टीमचं बिरुद, मिडवे म्हणजे कॅम्पसमधला लांबलचक हिरवा पट्टा. ते बेअर्सनी उचललं आणि आता कोणाला आठवतही नाही.

माझ्या मते हचिन्स बरोबर होते. इथे बऱ्याच जणांना हे पटणार नाही.

जांभूळ

मला नाही पटत. नॉर्थवेस्टर्नची माजी विद्यार्थिनी आहे. अभ्यास आणि फुटबॉल दोन्ही चालतं की. १९९५ च्या मोसमात बिग टेन जिंकून आम्ही रोझ बोलला (कॉलेज फुटबॉलची मानाची मॅच) गेलो होतो. बास्केटबॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पोचायला मात्र २०१७ उजाडलं, ते सोडून द्या.

पण हाइडपार्क, तुम्ही बाजार म्हणता तर त्यातला खरा प्रश्न आमच्याच कॅम्पसवर निघाला होता. २०१४ मध्ये आमच्या फुटबॉल खेळाडूंनी, क्वार्टरबॅक केन कोल्टर पुढे होता, युनियन काढायचा प्रयत्न केला. आठवड्याला चाळीस-पन्नास तास सराव, वर दुखापती, आणि कोट्यवधींची तिकिटं कोणाच्या जिवावर? कामगार मंडळाच्या शिकागो कार्यालयाने निकाल दिला की हे खेळाडू म्हणजे कर्मचारी आहेत. एप्रिलमध्ये मतदानही झालं. वरच्या मंडळाने २०१५ मध्ये हे आमच्या अखत्यारीत घेत नाही म्हणून हात झटकले आणि ती मतं कधी मोजलीच गेली नाहीत. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली, आता तर कॉलेजं थेट पैसे देतात. त्या पोरांना मात्र काही मिळालं नाही.

एक गमतीची आठवण. २०१० च्या नोव्हेंबरात आमची इलिनॉयशी मॅच रिग्ली फील्डवर ठेवली होती. बेसबॉलच्या मैदानात फुटबॉलचं मैदान कसंबसं बसवलं, तर पूर्वेचा गोल थेट विटांच्या भिंतीला चिकटला. खेळाडू धडकून मरतील म्हणून आदल्या दिवशी ठरलं की दोन्ही टीमनी पश्चिमेकडेच आक्रमण करायचं. दर वेळी चेंडूचा ताबा बदलला की सगळं लटांबर फिरून उभं राहायचं. आम्ही ४८-२७ हरलो.

रॉजर्स_पार्क

लोयोलाशिवाय हा धागा अपुरा. २०१८ मध्ये राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत अकराव्या मानांकनावरून शेवटच्या चारात गेलो आणि टीमच्या चॅप्लिन असलेल्या ९८ वर्षांच्या नन सिस्टर जीन व्हीलचेअरवरून सगळ्या देशाला माहीत झाल्या. त्या ऑक्टोबर २०२५ मध्ये गेल्या, १०६ व्या वर्षी. शेवटपर्यंत त्यांचा मरून-सोनेरी मफलर आणि बुटांवर नाव.

पण खरी टीम १९६३ ची. इलिनॉय राज्यातल्या कुठल्याही कॉलेजाने पुरुषांची सर्वोच्च गटातली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा जिंकली असेल तर ती एकट्या लोयोलाने. सुरुवातीच्या पाचांत चार कृष्णवर्णीय, त्या काळात! वाटेत मिसिसिपी स्टेटशी सामना होता. मिसिसिपीत गोऱ्या टीमने कृष्णवर्णीयांशी खेळू नये असा दंडक, कोर्टाचा मनाई हुकूम घेऊन माणसं निघालेली. ती टीम तो हुकूम हातात पडायच्या आत राज्याबाहेर सटकली आणि मॅच खेळली. दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले तेव्हा कॅमेऱ्यांचा एवढा लखलखाट झाला की लोयोलाचा जेरी हार्कनेस पुढे सांगायचा, आपण काहीतरी मोठं करतोय हे तेव्हा कळलं. मॅच ६१-५१ जिंकली, पुढे फायनलमध्ये सिनसिनाटीला जादा वेळेत ६०-५८.

हिशेबनीस

सगळे भावनेत न्हाऊन निघाले, आता पैशाचं बोलू.

सॉक्सचं सध्याचं स्टेडियम १९९१ चं. त्याआधी मालक म्हणाले, बांधून द्या नाहीतर फ्लोरिडाला जातो. ३० जून १९८८ च्या मध्यरात्रीपर्यंत विधेयक मंजूर व्हायला हवं होतं. वेळ संपत आली तेव्हा सभागृहातलं घड्याळ थांबवून ठेवलं आणि मत मोजलं. इतिहासात ते ११:५९ लाच मंजूर झालं. पैसा हॉटेलवरच्या करातून. म्हणजे तुमचे पाहुणे डाउनटाउनला राहिले की त्यातला थोडा हिस्सा तिकडे.

ते स्टेडियम बांधणाऱ्या सरकारी संस्थेनेच २००१ मध्ये सोल्जर फील्डच्या नूतनीकरणासाठी कर्ज काढलं. जुन्या ग्रीक खांबांच्या आत काचेची मोठी वाटी बसवली. त्यापायी २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा गेला, आसनं ६१,५०० म्हणजे एनएफएलमध्ये सर्वात कमी, आणि कर्ज अजून फिटलेलं नाही. ते फिटायच्या आत बेअर्स नवीन घर शोधतायत. २०२३ मध्ये आर्लिंग्टन हाइट्सला जुन्या रेसकोर्सची ३२६ एकर जमीन १९ कोटी ७२ लाख डॉलरना घेतली. मग म्हणाले तळ्याकाठीच बांधू. मग परत आर्लिंग्टन. आता शेजारच्या इंडियानाचंही नाव निघालंय.

गारठलेली

इंडियाना?! १९२१ पासून शिकागोत असलेली टीम!

हिशेबनीस

त्याआधी डिकेटरला होती, मक्याच्या स्टार्चच्या कारखान्याची टीम म्हणून. आणि शिकागोत आल्यावर पन्नास वर्षं रिग्ली फील्डवर कब्सची भाडेकरू. घरमालक कब्स म्हणजे अस्वलाची पिल्लं, तर आम्ही मोठी अस्वलं, म्हणून नाव बेअर्स. भाड्याच्या घरात राहायची त्यांना सवय आहे.

ब्रिजपोर्ट_काका

१९८५ च्या बेअर्सबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही? १५-१, सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या फायनलमध्ये) ४६-१०, वॉल्टर पेटन, कोच डिटका, 'रेफ्रिजरेटर' पेरी. मी इथे आलो तेव्हा हॉटेलात वाढणारी मुलगी, टॅक्सीवाला, आमचे प्रोफेसर, सगळे एकाच टीमबद्दल बोलत होते. ते त्यानंतर पुन्हा झालं नाही. बाकी २०१९ च्या जानेवारीत शेवटच्या किकचा चेंडू आधी उभ्या खांबाला आणि मग आडव्या दांडीला लागून बाहेर आला, तेव्हाही सगळे एकाच आवाजात बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऑगस्टमध्ये_येतोय

काका, मी ऑगस्टमध्ये आयआयटीला एमएसला येतोय. पहिली मॅच कुठली बघू? बजेट कमी आहे. आणि शाकाहारी आहे, तिथे खायला काही मिळतं का?

ब्रिजपोर्ट_काका

अरे वा, ये ये. ऑगस्टमध्ये बुल्स-ब्लॅकहॉक्स खेळत नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला. मंगळवार-बुधवारची मॅच बघ, तिकीट स्वस्त असतं. पूल ओलांडून चालत जा. मोठी सॅक नेऊ नकोस, गेटवर अडवतात. खायला एलोटे घे, सॉक्सच्या स्टेडियमचं ते खरं पक्वान्न. मक्याचे दाणे तुझ्यासमोर कणसावरून कापून वाटीत घालतात, वर लोणी, चीज, तिखट, लिंबू. मेयोनेज घालतात, त्यात अंडं असतं, चालत नसेल तर आधीच सांग. हॉटडॉग खाणारा मित्र बरोबर असेल तर त्याला केचप मागू देऊ नकोस, इथे ते चालत नाही.

ॲडिसनवाली

आणि एकदा दुपारी रिग्लीला ये, तुझ्या काकांना सांगू नकोस. सगळ्यात मागचं बाक, एप्रिल किंवा सप्टेंबर, तेव्हा तिकिटं उतरतात. अंगात जॅकेट हवं, वारा तळ्यावरून आला तर सप्टेंबरातही कुडकुडायला होतं.

लाथाळी

फायरवर कोणीच लिहीना. टीमची घोषणा मुद्दाम ८ ऑक्टोबर १९९७ ला केली, १८७१ ची प्रसिद्ध आग लागली ती तारीख. पहिल्याच मोसमात, १९९८ मध्ये, लीगचा कप आणि ओपन कप दोन्ही जिंकले. मग २००६ मध्ये ब्रिजव्ह्यूला गेले, जिथे ना लोकल ना वस्ती, आणि प्रेक्षक आटले. शेवटी त्या गावाला साडेसहा कोटी डॉलर मोजून करार सोडवून घेतला आणि २०२० मध्ये सोल्जर फील्डला परत आले. आता मालक ज्यो मॅन्सुएटो यांनी नदीकाठी, रूझवेल्ट रोडच्या दक्षिणेला, स्वतःच्या पैशाने स्टेडियम बांधणार म्हणून जाहीर केलंय, ६५ कोटी डॉलरचं.

हिशेबनीस

स्वतःच्या पैशाने, हे पुन्हा एकदा लिहा. त्याच जागेवर २०२४ मध्ये सॉक्सनी नकाशे दाखवले होते आणि राज्याकडे निधी मागितला होता.

ब्रिजपोर्ट_काका

हिशेबनीस, आमच्या मालकांबद्दल तुम्ही जे लिहाल त्याला माझं अनुमोदन. टीमबद्दल मात्र जपून.